नीरेचा उतार

लोणी भापकरच्या गेणबांनी मेंढरं विकून पाच वर्षं झाली होती, पण पायांना ते अजून पटलं नव्हतं. चार दिवस घरी बसले की दुखायला लागायचे. चाळीस वर्षं कळप घेऊन नीरा नदी ओलांडलेला माणूस. तिचा तळ त्यांना अंगणासारखा पाठ. म्हणून सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात पुण्याचे निहार साहेब इंदापूरच्या बाजूला विमान घेऊन उतरले, तेव्हा वाट दाखवायला लोकांनी गेणबांचंच नाव सांगितलं.

विमान म्हणजे पोराच्या उंचीएवढं, आत माणूस नाही, पोटाला कॅमेरा. लष्कराच्या जड गाड्या नदीतून कुठून पार होतील, ते वरून हुडकायचं. संरक्षण खात्याने निम्मा निधी दिला होता, उरलेला चाचणी बघून मिळणार होता. त्या काळजीने निहारला घास गोड लागत नसे. माणूस हुशार, पण पायाखालची जमीनसुद्धा फोटोत बघायचा, आणि गेणबांना त्याची मनातून चीड यायची.

एकदा दोघं काठाने फिरले. जांभळाच्या झाडाखाली गेणबा म्हणाले, "हितं उतार हाय." पुढे वळणावर म्हणाले, "हितं उतार न्हाय." निहारने दोन्ही टिपून घेतलं. आता नीरेकाठी उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, हे शहरातल्या माणसाला कोण सांगणार? त्याच्या लेखी उतार म्हणजे घसरण. फोटोतही वळण सपाट दिसत होतं. त्याने नकाशात जांभळावर फुली मारून ती जागा बाद केली आणि वळणाच्या पलीकडच्या काठावर लाल निशाण रोवलं.

चाचणीच्या सकाळी लष्कराचे दोन अधिकारी येऊन बसले. त्यांची गाडी घालण्याआधी दगडांनी भरलेली ट्रॉली पार करून बघायची होती. ट्रॅक्टर सोपानचा, गेणबांच्या एकुलत्या एका मुलाचा. निशाणावरची नजर हलवायची नाही, असं त्याला बजावलेलं. गेणबांना वळणावरच, पण लोकांना अडवायला बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभं केलं होतं.

ट्रॅक्टर जांभळापाशी न वळता पुढे आला, तेव्हा गेणबांना निशाणाचा अर्थ कळला. इथेच त्यांच्या थोरल्या भावाची, तात्याबाची घोडी पाठीवरच्या बिऱ्हाडासकट गडप झाली होती. वर वाळूचा पापुद्रा, खाली दोन पुरुष खोल गाळ. ते ओरडले, पण डोक्यावर विमान घुमत होतं. त्यांनी निहारचा दंड धरला. निहार वैतागून म्हणाला, इथे उतार नाही असं तुम्हीच सांगितलंत ना.

"न्हायच की. म्हणून तर हितं आमी मेंढरू घालत न्हाय."

उतार म्हणजे काय ते निहारला आता कळलं. तो हात हलवत सुटला, पण सोपानची नजर निशाणावरच. गेणबा दोरीखालून निघाले, काठावरून घसरत खाली आले आणि काठी आडवी धरून ट्रॅक्टरच्या पुढ्यात गाळात शिरले. चार पावलांत कमरेपर्यंत गेले. भीती वाटत होती, फार वाटत होती, पण डोळ्यांपुढे घोडीची मान होती. सोपानने बापाचं मुंडासं बघितलं आणि सगळा जोर ब्रेकवर टाकला. पुढची चाकं तोवर रुतली होती. गेणबांना दोर लावून ओढून काढलं, काठी मात्र आतच राहिली.

दुपारी तीच ट्रॉली जांभळाखालून सरळ पार गेली. अधिकारी खूश झाले आणि उरलेला निधीही मंजूर झाला. अहवालात विमानाचं कौतुक दोन पानं होतं, गेणबांचं नाव कुठेच नव्हतं. ते काही गेणबांनी विचारलंही नाही.

महिन्याभराने निहार लोणीला आला आणि त्याने एक फोटो त्यांच्या हातात दिला. त्या सकाळी विमानाने काढलेला. गेणबांनी नीरा पहिल्यांदाच वरून बघितली. वळणावर एक पांढरा ठिपका, ते त्यांचं मुंडासं. त्याच्यासमोर सोपानचा ट्रॅक्टर. मधल्या जागेवर त्यांनी करंगळी टेकवली, तर नखाखाली सगळी झाकली गेली.

त्यांनी करंगळी उचलली. मग म्हणाले, "ह्यात गाळ कुठं हाय?"

"दिसत नाही, आबा," निहार म्हणाला.