अध्यक्ष पूजेला बसतील का?

आमचे हे देव मानत नाहीत. लग्न ठरताना ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. नागपूरहून सून म्हणून रायपूरला आले आणि पहिल्याच गणपतीत काय ते कळलं. मी पाटावर, बाजूचा पाट रिकामा, आणि नवरदेव बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले! सासूबाई म्हणाल्या, "तो नाही यायचा. तू कर सुरू." मी केलं सुरू. रागारागात आरती इतक्या मोठ्यांदा म्हटली की शेजारची बाई दारात येऊन विचारू लागली, "सब बने बने हे ना, बहू?" म्हणजे, सगळं ठीक आहे ना.

पुढे दर वर्षी तेच. मी भांडले, रुसले, अबोला धरला, एकदा तर बॅग भरून माहेरी गेले. माणूस तसा लाखमोलाचा. मखर स्वतः करणार, दिव्यांची माळ स्वतः लावणार, मोदक तर माझ्यापेक्षा जास्त खाणार. फक्त हात जोडायचे नाहीत. "मी मानत नाही, तर खोटे हात काहून जोडू?" एवढंच म्हणायचे आणि पुन्हा माळेत डोकं घालायचे. अशी तीस वर्षं गेली. माझी इच्छा एकच होती. एकदा तरी या माणसानं, मी न म्हणता, आपल्या मनानं बाजूला येऊन बसावं.

मग नवं राज्य झालं आणि आमचं रायपूर राजधानी झालं. बघता बघता घरभाडी वाढली, भोपाळहून साहेब लोक आले, तेलीबांध्याकडच्या शेतांतून प्लॉट पडले. आमच्या बाजूच्या मराठी घरांचं एक छोटंसं मंडळ होतं. तोवर त्याचा अध्यक्ष म्हणजे जो वेळेवर "नाही" म्हणू शकला नाही तो. आता मात्र मंडळाला मंत्र्यांकडून निमंत्रणं येऊ लागली, हॉलसाठी सरकारी जागा मिळेल असं बोलणं सुरू झालं आणि खुर्चीला एकदम भाव आला.

यांची सारी नोकरी इरिगेशन खात्यात झाली होती. कोणती फाइल कोणत्या टेबलावर अडते हे यांना तोंडपाठ. हॉल व्हावा, वर मुलांसाठी वाचनालय व्हावं, हे यांचं जुनं वेड. जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून बसायचे, मी ताट कुठं ठेवू म्हणून ओरडायची. लोक म्हणाले, भाऊ, तुम्हीच उभे राहा. हे राहिले. यांच्या विरोधात भनपुरीत ट्रान्सपोर्टचा धंदा असलेले एक गृहस्थ होते. दिलदार माणूस, कपाळभर टिळा, बोलण्यात दर चौथ्या शब्दाला देवाचं नाव.

पहिल्याच बैठकीत मंडळातले सर्वांत म्हातारे डॉक्टर उठले. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासूनचं त्यांचं इथलं घराणं. ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही मानता की नाही, ते तुमचं तुम्ही पाहा. आपल्या गणपतीच्या स्थापनेले अध्यक्ष अन् वहिनी पूजेले बसतात. तुम्ही बसाल का, एवढं सांगा."

हे म्हणाले, "पाहू."

पाहू! माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. कुलूप उघडलं आणि सुटले.

"तीस वर्षं माझ्यासाठी नाही बसले, अन् आता या चार घरांच्या मतांसाठी बसणार?"

"अगं, एक तासाचं तर काम. हॉल होऊन जाईल."

"मग माझ्यासाठी एक तास नव्हता काय तुमच्याजवळ?"

यांनी टेबलावरचे नकाशे गोळा करायला घेतले. आयुष्यभर जे मागितलं ते आता दारात येऊन उभं राहिलं होतं आणि मला ते नको होतं. कुणाला सांगणार हे? हसले असते लोक.

रविवारी अमेरिकेतून मुलाचा फोन आला. आमच्या पोट्ट्याला मराठी सगळं समजतं, पण उत्तर देतो हिंदीत. "मम्मी, यहाँ भी सेम चल रहा है," तो म्हणाला. तिथंही निवडणूक जवळ आली होती म्हणे. उमेदवार चर्चला जातो की नाही, प्रार्थना करतो की नाही, यावर टीव्हीवर तासन् तास चर्चा. मजा अशी की पदासाठी धर्माची अट लावायची नाही, हे त्यांच्या घटनेतच लिहिलेलं आहे. कायदा विचारत नाही, पण मतदार विचारतो. "पापा को बोलो, बैठ जाओ. यहाँ तो बिना भगवान के कोई जीत ही नहीं सकता."

त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या भावाचा फोन. तो डेन्मार्कला असतो. त्याला सगळं सांगितलं तर तो हसतच सुटला. "ताई, इथं उलटंच आहे. इथं चर्च सरकारी. लोकं त्याचा कर भरून राहिले, बारसं अन् लग्न तिथंच करतात. पण एखादा नेता भाषणात म्हणाला ना, की मी देवाले विचारून हा निर्णय घेतला, तर लोकं एकमेकांकडं पाहतील. याची तब्येत बरी आहे ना म्हणून!"

यांना हे फार आवडलं. दोन दिवस येईल त्याला सांगत होते. एकीकडे सरकार आणि देव वेगळे, तरी मत मागायला देव पाहिजे. दुसरीकडे देव सरकारच्या घरात राहतो, तरी मत मागताना त्याचं नाव काढायची लाज. "अन् आपण?" मी विचारलं. हे म्हणाले, "आपल्याकडे मनात काय आहे ते कोणी विचारतच नाही. बसतो का, एवढंच विचारतात."

खरं होतं ते. आणि माझी भीती नेमकी तीच होती. मनात काय आहे ते कुणालाच नको होतं. मला हवं होतं.

चैत्रातलं नवरात्र आलं. आमच्या इकडे देवीच्या देवळात मनोकामना ज्योत लावतात. मोठ्या खोलीत कलशांच्या रांगा, प्रत्येकावर तेवणारी ज्योत आणि ज्याच्या नावानं लावली त्याच्या नावाची चिठ्ठी. आपल्या माणसासाठी दुसऱ्यानं लावली तरी चालते. यांचे पक्के समर्थक म्हणजे कोपऱ्यावरचे हार्डवेअरवाले. जीव लावणारा माणूस, पण करायच्या आधी विचारायची सवय नाही. त्यांनी यांच्या नावानं ज्योत लावून टाकली आणि आम्हाला पत्ताही नाही.

मतदानाच्या आधी सगळ्यांची सभा भरली. शाळेचा हॉल, घरघर करणारे पंखे, पुढच्या रांगेत आम्ही बायका. हार्डवेअरवाले माइक हातात घेऊन म्हणाले, "आपल्या भाऊंना लोक नास्तिक म्हणून राहिले. अरे, जाऊन पाहा देवळात! भाऊंच्या नावाची ज्योत जळून राहिली आहे! आता बोला!"

टाळ्यांचा कडकडाट! मागून कुणीतरी देवीचा जयजयकार केला. डॉक्टरांनी समाधानानं मान डोलावली. माझ्या शेजारची म्हणाली, "वहिनी, झालं तुमचं काम. जिंकले भाऊ."

मी यांच्याकडे पाहिलं. यांचा चेहरा पांढरा पडला होता. नुसतं गप्प राहायचं होतं. एक शब्द खोटा बोलायची गरज नव्हती. हॉल, वाचनालय, टेबलावरचे ते सगळे नकाशे, सगळं त्या गप्प राहण्यावर होतं. आणि गप्प राहिले असते तर पुढच्या गणपतीत ते माझ्या शेजारी बसले असते. मी मनात म्हणत होते, अहो, उठा. उठा ना.

हे उठले. माइकपाशी जाताना खुर्चीला अडखळले. म्हणाले, "ज्योत मी नाही लावली. लावल्याचं मला माहीतही नव्हतं. माझ्या या मित्रानं मायेनं लावली, तेचे आभार मानतो. पण मी देव मानत नाही, हे जेले माहीत नसेल तेले आता सांगतो. मागे मी पाहू म्हणालो होतो, ते चुकलं माझं. मी पूजेले बसणार नाही. मंडप बांधीन, हॉलसाठी ऑफिसांच्या चकरा मारीन. त्या ज्योतीवर मत नका देऊ मला. फसल्यासारखं होईल तुमचं."

टाळी एक वाजली नाही. हार्डवेअरवाल्यांनी कपाळावर हात मारला. आणि मी? मला इतकं मोकळं वाटलं की डोळ्यांतून पाणीच आलं. शेजारणीला वाटलं दुःखाचं. तिनं माझा हात दाबून धरला आणि मीही धरू दिला.

हे पडले. चांगले सपाटून पडले. नवे अध्यक्ष दुसऱ्याच दिवशी पेढे घेऊन घरी आले. बायको सोबत होती. बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "भाऊ, पूजेले आम्ही दोघं बसतो. पण ते जागेच्या फाइलीचं मले काही समजत नाही. ते तुम्हीच पाहा." हे लगेच चष्मा शोधायला उठले. हरलेल्या माणसाचा एवढा उत्साह मी कधी पाहिला नव्हता. ते गेल्यावर मी जिलेबी मागवली. हे म्हणाले, "पडल्याची जिलेबी?" मी म्हटलं, "गुपचूप खा."

संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला, जरा वेळ उभी राहिले आणि बाहेर आले. हे पायरीवर बसले होते. मी शेजारी बसले.

"काय मागितलं आज?" यांनी चिडवायला विचारलं.

"काही नाही. आभार मानले."

"कशाचे? मी हरलो म्हणून?"

"हो."

हे हसले. रस्त्यावरून शहराबाहेर बांधल्या जाणाऱ्या नव्या राजधानीकडे माल नेणारे ट्रक जात होते, सगळी धूळ आमच्या दारात येत होती. मग हळूच म्हणाले, "तुले तर आनंद झाला असता ना, मी बसलो असतो तर? इतकी वर्षं तेच मागून राहिली तू."

"बसले असते तर शेजारी कोण बसलं आहे, हेच मले कळलं नसतं," मी म्हणाले. "आता कळते."