बोट वर आलं नाही

कांताबाई अंगणात पालथ्या पडल्या होत्या आणि आम्ही तिघं हसत होतो. सगळ्यांत जास्त मी. कुंपणापलीकडून ओरडलेसुद्धा, "उठा आता, लुगडं मातीनं भरलं!"

हसू नाही तर काय? त्यांची शिकवायची रीतच तशी. गोंडपिपरीजवळच्या आमच्या गावात जन्मभर मास्तरीण होत्या. त्या निवृत्त झाल्यावर लोखंडाच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेले दोन चिनी, ली आणि चेन, त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला येऊ लागले. बाईंना चिनी येत नव्हतं, त्या दोघांना मराठी. "तोंडानं सांगतलं तं तोंडातच राह्यते. अंगानं सांगा लागते," असं म्हणत बाई प्रत्येक शब्द करून दाखवायच्या. एक अर्थ झाला की एक बोट वर. बोट दिसल्याशिवाय वहीत लिहायचं नाही.

त्या दिवशी 'रन' शब्द होता. मी चौथी शिकलेली. म्हटलं, "एका शब्दासाठी एवढा धिंगाणा?"

"काऊन वो गिरजाबाई? माणूस धावते, नळ वाह्यते, मोटर चालते. आपल्यात तीन शब्द, या दोघायच्यातबी येगयेगळेच असन. इंग्रज कंजूस, एकातच भागवते."

पदर खोचून त्या विहिरीभोवती धावल्या. एक बोट. नळ सोडला. दोन. मोटर लावली. तीन. ऊन असं, की माती तळव्याला चटके देत होती.

"उन्हात काऊन पळून राह्यल्या? साठी झाली तुमची."

"तुमी चिंचा फोडा गुपचूप. आता दुकान चालवाचं हाये," त्या म्हणाल्या, दोन पावलं चालल्या आणि कोसळल्या.

चेन टाळ्या वाजवत होता. ली पेन धरून चौथ्या बोटाची वाट पाहत होता. बोट वर येईना. त्याचं हसू गेलं. वही टाकून तो धावला, बाईंना उताणं केलं. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. माझ्या हातातलं चिंचांचं सूप पडलं. चाळीस वर्षांपासूनची शेजारीण मी, आणि कळलं कोणाला, तर चार महिन्यांपूर्वी आलेल्या माणसाला.

दोघांनी त्यांना कारखान्याच्या गाडीत घातलं. चंद्रपूरचा दवाखाना येईपर्यंत मी बाईंचा डावा हात धरून बसले. तो हात मला धरत नव्हता.

तो हात गेला तो गेलाच. बोलणंही अर्धं राहिलं. काम आटोपून ली आणि चेन आपल्या देशाला गेले.

पण ली वेळेवर धावला म्हणून कांताबाई वाचल्या.