स्थगितीतला पूल

तलवाड्याकडच्या आमच्या वस्तीत आणि गावात मधे ओढा आहे. मी गावातल्या अंगणवाडीत सेविका. पावसाळ्यात ओढा चढला की वस्तीची लेकरं घरी आणि मी पण घरी. पूल मंजूर झाला तेव्हा आम्हाला केवढा आनंद झाला होता!

ठेकेदार बीडचे. आधी त्यांचं ट्रॅक्टरचं गॅरेज होतं, नंतर ते छोटी सरकारी कामं घेऊ लागले. वस्ती त्यांना चाचा म्हणायची. खांब उभे राहिले, स्लॅबसाठी गर्डर आणि लोखंडी प्लेटा येऊन पडल्या, आणि तिकडं मुंबईत सरकार बदललं. आधीच्यांनी मंजूर केलेल्या कामांना नव्यांनी स्थगिती दिली. त्यात आमचा पूलही अडकला.

"कावून थांबवलं हो?" सासूबाईंनी चाचांना विचारलं.

"पूल आधीच्या आमदाराचा हाय म्हणत्यात, मावशी."

"त्याचा कसा? वढा तर आमचा हाय!"

काही दिवसांनी चाचा सामान न्यायला टेम्पो घेऊन आले. त्याच वेळी शेजारची पोटुशी सून तपासणीला निघाली होती. दोघीजणी तिला धरून गुडघाभर पाण्यातून नेत होत्या. मधेच तिचा पाय घसरला. कशीबशी सावरली. चाचा काठावरून बघत होते. त्यांनी टेम्पो रिकामा परत पाठवला आणि गडी लावून संध्याकाळपर्यंत खांबांवर गर्डर टाकून त्यावर प्लेटा बांधल्या. धरायला दोन्ही बाजूंनी दोरखंड लावला.

दुसऱ्या दिवशी सरकारी खात्याचे इंजिनिअरसाहेब धावत आले. "काम बंद आहे, माहीत आहे ना?"

"काम कुठं करतोय, साहेब? माझं सामान ठिवलंय."

साहेबांनी दोरखंड ओढून पाहिला. मग त्याच प्लेटांवरून चालत पलीकडं गेले.

पुढं स्थगिती उठली, पण तोवर नियम बदलले होते. छोटी कामं एकत्र करून एकच मोठं टेंडर निघालं. चाचांच्या ऐपतीबाहेरचं. ते बाहेरच्या कंपनीला मिळालं, आणि कंपनीनं हा पूल चाचांकडूनच कमी दरात करून घेतला.

"कशाला पत्करलं?" मी विचारलं.

"खांब माझे हायेत, ताई. त्यावर दुसऱ्यानं स्लॅब टाकलेला बघवला नसता."

उद्घाटनाला दोन्ही पक्षांचे पुढारी आले आणि श्रेयावरून भांडले. चाचांना कुणी बोलावलंच नव्हतं. ते आले नंतर, ईद झाल्यावर, बायकोला घेऊन. ती पुलाच्या मधोमध थांबली, कठड्यावरून हात फिरवत म्हणाली, "ह्याच्यापायी तुमी रातरात जागत व्हता?"

तोवर सासूबाई दोघांना जेवायला बोलवायला पुलावर येऊन उभ्या होत्या.