सैल टोपडं

सातव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाचं डोकं जरा लहान दिसलं होतं. लेक झाल्यावर डोंबिवलीच्या डॉक्टर म्हणाल्या, "आतला मेंदू वाढतो तशी कवटी वाढत जाते. महिन्याने परत मोजू." बोलून मोकळ्या झाल्या. तो महिना मी कसा काढायचा?

कोपरच्या घरी टेप लावून पाहिला, पण लेक मान वळवायची आणि आकडा दर वेळी वेगळाच यायचा. मग मी टोपड्यावर भिस्त ठेवली. सासूबाईंनी आपल्या जुन्या सुती साडीचं शिवलेलं ते टोपडं बारशाला थोडं सैल होतं. लेकीला आंघोळ घालून तेच त्या तिला बांधायच्या. दर रविवारी मी कडेने करंगळी सरकवून बघायचे. महिना सरत आला, तरी करंगळी आपली सहज आत. टाळूवर हात ठेवला की खाली धडधड लागायची. मग वाढायला काय झालंय? मला जेवण जाईना.

शेवटी मी सासूबाईंसमोर रडलेच. "आई, टोपडं अजून सैलच आहे हो. डोकं वाढतच नाहीये तिचं."

त्या बावचळल्या. "अगं, कपाळावर वळ उठायला लागले तिच्या, म्हणून पंधरा दिवसांपूर्वीच मागची शिवण उसवून मी त्याच साडीची पट्टी घातली."

एका शब्दाने सांगायला काय झालं होतं यांना! मी टोपडं हिसकावलंच. उलटं करून पट्टी शोधली, तिच्यावर करंगळी ठेवली.

पट्टी करंगळीहून रुंद होती.