उपवर म्हणजे अर्धा मजला वर

आता तुमच्यासमोर हे सांगायचं म्हणजे पुढचं वर्षभर तुम्ही मला छळणार. पण चहा मागवलाच आहे, तर ऐका.

आधी एक स्पष्ट करते. बुद्धिबळात मी बरी नाही, भारी आहे. मयूर विहारच्या आमच्या पार्कात रविवारी सकाळी काकामंडळी घड्याळ लावून पाच-पाच मिनिटांचे डाव खेळतात ना, त्यातला एकही काका मी शिल्लक ठेवलेला नाही. काही जण तर मी गेटमधून आत शिरले की मॉर्निंग वॉकला निघून जातात. नोएडाच्या ऑफिसात तर माझ्यासमोर बसायलाच कोणी तयार नसतं.

म्हणूनच ऑफिसातला विकास म्हणाला, "यार, हमारी सोसायटी में आ जा. संडे को ग्यारह बजे, क्लब हाउस, ऊपर वाला हॉल. पाँच-पाँच मिनट के राउंड होते हैं. वहाँ असली प्लेयर मिलेंगे."

असली प्लेयर. मी म्हटलं, बघूच.

नंतर आत्याकडे जेवायला जायचं होतं, म्हणून आईने जबरदस्तीने मला नवा कुडता आणि झुमके घालायला लावले. गुंडाळायचा बोर्ड आणि सोंगट्या पर्समध्ये टाकल्या, मेट्रो पकडली आणि पोचले. क्लब हाउसच्या दारात मराठीत पाटी. 'उपवर मेळावा', आणि पुढे जिन्याकडे दाखवणारा बाण.

आता मी दिल्लीत वाढलेली मुलगी. घरी मराठी बोलते, पण पुस्तकातले शब्द आमच्याकडे पोचेपर्यंत अर्धे गळतात. मेळावा म्हणजे मीटअप, हे मला माहीत. आणि उपवर? उपनगर, उपमंत्री, तसं उपवर. म्हणजे पूर्ण वर नाही, अर्धा मजला वर. विकासही 'ऊपर' म्हणालाच होता. जिना चढले, तर खरंच अर्ध्या मजल्यावर एक हॉल. सांगा, कोणाला शंका आली असती?

आत छोटी छोटी टेबलं, समोरासमोर खुर्च्या, आणि एका टेबलावर घंटी. सगळीकडे मराठी बोलणं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. नोएडात आपली एवढी माणसं बुद्धिबळ खेळतात!

दाराशी एक काका नावं लिहून घेत होते. माझं नाव, नोकरी, घरचा फोन नंबर घेऊन त्यांनी मागे पाहिलं.

"एकटीच आलीस? आई-बाबा?"

"त्यांना यातलं काही कळत नाही, काका. माझं मीच बघते."

"अच्छा," काका म्हणाले. "आणि अपेक्षा काय?"

"समोरचा तगडा हवा. पटकन हार मानणारा नको, मजा येत नाही."

काकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "याआधी कुठे प्रयत्न केलाय?"

"आमच्या पार्कात. पण तिथे सगळे रिटायर्ड काका आहेत. सगळे आजमावून झाले."

चष्मा परत घालून काकांनी मला पहिलं टेबल दाखवलं.

तिथे सलील नावाचा एक सभ्य मुलगा होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम. मला वाटलं, माझी कीर्ती पोचली. टेबलावर बोर्ड नव्हता. म्हटलं, आधी ओळख करून देत असतील. घंटी वाजली.

"तुमचं... म्हणजे स्वभाव कसा आहे तुमचा?" त्याने विचारलं.

"आक्रमक," मी म्हणाले. "मी समोरच्याला विचार करायला वेळच देत नाही. पाच मिनिटांत निकाल. खरं तर तीनसुद्धा पुरतात."

सलील घटाघटा पाणी प्यायला. उरलेला वेळ तो घंटीकडेच बघत होता.

पुढच्या टेबलावर निखिल नावाचा मुलगा आणि शेजारी त्याची आई, देवधर काकू. काकू गणिताच्या शिक्षिका होत्या, आणि ते त्यांनी नावाच्याही आधी सांगितलं. मग घरी कोण कोण, गाव कुठलं, नोकरी पर्मनंट का, असं सुरू झालं. माझा धीर सुटला.

"काकू, चलो, नुसत्या गप्पांत वेळ जातोय. सुरू करायचं का?" असं म्हणून मी पर्समधून बोर्ड काढला आणि टेबलावर पसरला.

निखिल चक्रावला. काकू मात्र खुर्चीत सरसावून बसल्या. "हे बरं काढलंस. माणूस कसा आहे ते बिल्कुल कळतं यात. निखिलला येत नाही. मी बसते."

मी मनात म्हटलं, बिचाऱ्या काकू. लवकर संपवते.

काकूंनी माझा वजीर कधी कोंडला, मला कळलंच नाही. मला वाटत होतं की मीच त्यांना घेरतेय. त्या मध्येच घोडा ठेवून "शह" म्हणाल्या, आणि पुढच्याच चालीला "मात."

"परत," मी म्हटलं.

घंटी वाजली. मी हलले नाही. मागे पुढची मुलगी आपल्या आईबरोबर उभी. मी सोंगट्या मांडत राहिले. दुसरा डाव तर पहिल्यापेक्षाही लवकर संपला. तोवर हॉलमधले निम्मे लोक आमच्याभोवती जमले होते.

"डोळ्यावर ऊन येत होतं," मी म्हणाले.

"पाणी देऊ का?" निखिलने विचारलं.

"नको," म्हणत मी दुसरीकडे तोंड केलं.

तेवढ्यात दाराशी बसलेले काका माइकवर म्हणाले, "उपवर मुलींनी कृपया पुढच्या टेबलावर सरकावं. बाकीचे मुलगे खोळंबलेत."

मी हळूच निखिलला विचारलं, "उपवर म्हणजे हा अर्धा मजला, मेझनाईनच ना?"

तो आधी हसला, मग माझा चेहरा बघून थांबला. "नाही हो. मतलब... शादी के लायक."

कानशिलं तापणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. आणि त्याच वेळी वरच्या, पूर्ण वरच्या मजल्यावरून घड्याळांची खटखट ऐकू आली. मी कसंबसं सगळं खरं सांगितलं. देवधर काकू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मी बोर्ड गुंडाळून पळाले. वर गेलेच नाही, सरळ आत्याकडे.

संध्याकाळी घरी आले तर आई फोनवर. त्या मेळाव्याचे काका. मी जीव मुठीत धरून उभी.

"काय म्हणतायत?" मी खुणेने विचारलं.

"देवधरांचा नकार आहे," आई म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. मी मागणी घातलीच नव्हती, तर नकार कसला?

"बाई म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, चुणचुणीत आहे. पण हरली की फुगून बसते."

"मी अजिबात फुगले नव्हते," म्हणून मी पाय आपटत खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

बाहेर आई फोनवर सांगत होती, "त्यांना म्हणावं, बरोबर ओळखलंत. आम्ही लहानपणापासून बघतोय."