दोनदा गिरवलेल्या तीन गल्ल्या

शाळेत नकाशा भरण्यात माझे गुण कधी गेले नाहीत. भीमा, गोदावरी, कापसाचे जिल्हे, सगळं चटकन दाखवता यायचं. पण स्वतःचं घर नकाशात शोधायची वेळ सिडनीच्या ब्लॅकटाउन उपनगरात येईपर्यंत आली नव्हती. मुंबईत पत्ता म्हणजे अमक्या दुकानासमोर, तमक्या डॉक्टरांच्या वर. चुकलंच तर विचारायला माणसं. इथे दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसे.

सत्तरच्या दशकाची ती शेवटची वर्षं. नवरा इंजिनिअर, सकाळीच गाडी घेऊन जायचा. स्ट्रीट डिरेक्टरी, म्हणजे अख्ख्या सिडनीच्या रस्त्यांचं जाडजूड पुस्तक, गाडीतच सीटखाली असायची. गाडी गेली की नकाशाही गेला. मी भराभर घर आवरायचे आणि मग संध्याकाळपर्यंत खिडकीतून समोरच्यांचं गवत बघायचे.

"कुठे जायचंय ते सांग ना, शनिवारी सोडतो," तो म्हणायचा. अगदी मनापासून म्हणायचा, म्हणून भांडताही येत नसे.

एका पॅथॉलॉजी लॅबने मला मुलाखतीला बोलावलं, गुरुवारी सकाळी. मायक्रोबायोलॉजीची पदवी आल्यापासून बॅगेतच पडून होती. लॅब आमच्याच भागात होती, पण तिकडे बस नव्हती. नवऱ्याला मी सांगितलं नाही. त्याने रजा काढून सोडलं असतं, आणि वाटेतच विचारलं असतं, रोज कोण सोडणार?

रविवारी तो गाडी धूत असताना डिरेक्टरी घरात आणली. घर एका पानावर, लॅब पुढच्या पानावर. दोन्ही पानं बटर पेपरवर गिरवली आणि कडेला कड लावून चिकटपट्टीने जोडली. गल्ल्यांची नावं लिहायला जागा नव्हती, म्हणून त्या मोजायच्या ठरवल्या. मोठ्या रस्त्याने सरळ, अकराव्या गल्लीत उजवीकडे.

गुरुवारी अकराव्या गल्लीत वळले, तर टोकाला कुंपण आणि पलीकडे माळ. ऊन डोक्यावर, साडीचा काठ धुळीने लाल. सगळी घरं सारखी, सगळी दारं बंद. झाडांना पाणी घालणारी एक म्हातारी दिसली तेव्हा रडूच यायचं बाकी होतं.

"यू राइट, लव्ह?" म्हणजे, ठीक आहेस ना?

लॅबचं नाव सांगितलं. तिने पाइपनेच मागे दाखवलं. "तीन गल्ल्या मागे. गाडी कुठे लावलीस?"

"गाडी नाही."

"ओह, यू पुअर थिंग!"

पोचले तेव्हा मुलाखती घेणारे डॉक्टर निघून गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी माझ्या चपलांकडे पाहिलं, आत फोन केला आणि पुढच्या गुरुवारची वेळ दिली.

रविवारी पुन्हा डिरेक्टरी उघडली. पान उलटताना वाट तुटू नये म्हणून कडेची पट्टी दोन्ही पानांवर छापलेली होती. त्याच तीन गल्ल्या मी दोनदा गिरवल्या होत्या. कात्रीने पट्टी कापली, कागद पुन्हा जोडला. आठवी गल्ली.

नोकरी मिळाली. नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न तोच.

"रोज सोडणार कोण?"

"कोणी नाही. चालत."

"अगं, इथे कोणी चालत नाही."

"दोनदा जाऊन आले."

मी पुढे केलेला बटर पेपर त्याने उलटसुलट करून बघितला. "मला का नाही सांगितलंस?"

"सोडलं असतंस."

डिरेक्टरी त्या दिवसापासून घरात, फोनशेजारी राहिली. त्याला लागली की तो माझ्याकडे मागून न्यायचा.