आक्कांची दुपारची फायटिंग

बाळांनो,

उन्हाळ्यात मी तुमच्याकडे कायमची राहायला येणार होते, ते आता होणार नाही. तुमच्या बाबांनी "आजीलाच विचारा" असं सांगून अंग काढून घेतलं. तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी विषय बदलला, कारण आक्का शेजारीच बसल्या होत्या. आक्का म्हणजे तुमच्या आजोबांची मोठी बहीण, तुमची आत्याआजी. त्या व्हिडिओ कॉलवर तुमच्याकडे न बघता भिंतीकडे बघतात, अशी तुमची तक्रार आहे. त्या रागावलेल्या नाहीत. पण कारण सांगायचं तर मला दुपारच्या मारामारीच्या सिनेमांबद्दल लिहावं लागेल, आणि त्या विषयावर कधी चार ओळी लिहीन असं मला वाटलं नव्हतं.

मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. घरात वस्तू जागच्या जागी लागतात, पुस्तकं विषयवार लागतात, आणि दुपारी जेवणानंतर शांतता लागते. तुमचे आजोबा गेल्यावर या घरात आम्ही दोघीच उरलो. शांततेचा प्रश्न आक्कांनी निकालात काढला. दुपारची भांडी झाली की त्या कापसाचं टोपलं घेऊन टीव्हीसमोर पाटावर बसतात, वाती वळतात आणि फायटिंग लावतात. 'सिनेमा' हा शब्द त्या वापरत नाहीत. "फायटिंग लागली का?" एवढंच विचारतात.

आमच्या पांढरकवड्यावरून हैदराबादचा रस्ता जातो. हे सिनेमे मूळचे तिकडचे, पण आमच्याकडे पोचेपर्यंत हिंदी बोलायला लागलेले असतात. ओठ एक बोलतात, आवाज दुसरंच. नायकाचं वाक्य संपलं तरी तोंड चालूच राहतं. नायक कुठलाही असो, त्याला हिंदी आवाज देणारा माणूस एकच असावा. तोच घोगरा गळा, तेच थांबून थांबून बोलणं. गोदामही एकच. त्यात रिकामे पिंप, मिरचीची पोती आणि कारण नसताना साखळ्या. खलनायकाची माणसं रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी आपल्या पाळीची वाट बघतात. पहिला मार खाऊन पडल्याशिवाय दुसरा पुढे येत नाही. नायकाची मूठ पोचायच्या आधीच माणूस हवेत उडालेला असतो. मोटार उलटायची असेल तर तिच्या काचा आधीच काढून ठेवलेल्या असतात, कारण काच महाग पडते. ज्यांनी हे केलं त्यांना प्रेक्षक बावळट वाटत असावा. ज्यांनी विकत घेऊन दुपारी दाखवलं त्यांच्याबद्दल तर मी काही लिहीतच नाही.

हे सगळं मी शेजारच्या खुर्चीत पुस्तक धरून, चष्म्याच्या वरून पाहिलेलं आहे.

"तुमाले पाह्यचं नाही त कायले बसता इथं?" आक्का म्हणायच्या. त्या मोठ्या, म्हणून मला एरवी तू म्हणतात, टोमणा मारायचा असला की तुम्ही.

"उजेड इथं चांगला येतो म्हणून."

"मास्तरीणबाईचं पान कवापासून पलटलं नाही."

यावर मी पान उलटत असे.

आक्कांना ही आवड त्यांच्या यजमानांनी लावली. ते ट्रक चालवायचे. लग्नानंतर ते त्यांना केबिनमध्ये बसवून राज्याच्या सरहद्दीपलीकडे आदिलाबादला घेऊन जायचे आणि तिथल्या टॉकीजमध्ये बसवायचे. आक्कांना तेलुगूचं एक अक्षर कळत नव्हतं. गाणी सुरू झाली की त्या झोपायच्या, मारामारी आली की यजमान कोपर मारून उठवायचे. "बोलनं नाही समजलं तरी मारनं समजते," असं त्या आजही सांगतात. यजमान लवकर गेले आणि आक्का भावाकडे राहायला आल्या. मी या घरात आले तेव्हा त्या इथे होत्याच. अभिरुचीच्या बाबतीत मी त्यांना तेव्हाच सुधारायला हवं होतं असं काही जणांना वाटेल. ते काही जण आक्कांना भेटलेले नाहीत.

आता मागच्या हिवाळ्यातली दुपार. फायटिंग ऐन रंगात होती आणि तुमचा फोन आला. तुम्ही शाळेसाठी केलेला पूल मला दाखवत होतात. मी रिमोटने टीव्हीचा आवाज बंद केला. चित्र चालूच होतं. थंडीमुळे पंखा बंद होता. तुमचं बोलणं संपलं, मी फोन ठेवला, आणि आक्का वात वळता वळता म्हणाल्या, "लाईन कवा गेली वं?"

लाईन म्हणजे वीज. मी टीव्हीकडे पाहिलं. पडद्यावर एक माणूस शहाळ्यांच्या गाडीवर फेकला जात होता.

"आक्का, तुम्हाला टीव्ही दिसतो का?"

हात क्षणभर थांबले. मग पुन्हा सुरू झाले. "दिसते नं. न दिसाले काय झालं?"

"मग काय चाललंय आत्ता?"

"त्याच्या मायले धरून नेलं ना, म्हणून हा गोदामात गेला. मारून राह्यला सगळ्याईले."

बरोबर होतं. शहाळ्याची गाडी गोदामात काय करत होती हे विचारू नका, पण गोदाम होतं आणि कोपऱ्यात आईही बांधलेली होती. मी बुचकळ्यात पडले. मग मी आवाज बंदच ठेवून चॅनल बदललं. एक बाई फ्लॉवर चिरून दाखवत होती.

"आणि आता?"

"आता त्याचा दोस्त मरन," आक्का म्हणाल्या.

मी टीव्ही बंद करून त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"आज मास्तरीण परीक्षा घेऊन राह्यली," त्या म्हणाल्या. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेलेली होती.

"कधीपासून?"

"डावा पोळ्याच्या आधीच गेला. उजवा बी त्याच्याच मांगं चालला."

या सिनेमांबद्दलचा माझा राग त्या दिवशी पक्का झाला. एखादी गोष्ट जरा तरी नवी असती, एकदा तरी आई सुटून गेली असती, दोस्त वाचला असता, तर आक्का केव्हाच पकडल्या गेल्या असत्या. पण सगळं आधीच ठरलेलं. आवाजावरून कोण कुठे उभं आहे ते कळतं, संगीतावरून कोण मरणार ते कळतं. माणसाची नजर गेली तरी प्रेक्षक म्हणून त्याचं काही कमी होत नाही, असा हा कलाप्रकार आहे. घरात त्या भिंतीच्या अंदाजाने चालत होत्या, वाती बोटांनी वळत होत्या, आणि दुपारी अचूक ठिकाणी हसत होत्या.

"मला सांगितलं का नाही?"

"तुले सांगतलं असतं त तू पोराले फोन केला असता. अन् त्यानं मले तिकडं नेलं असतं." पोर म्हणजे तुमचे बाबा. "इथं चूल कुठं, मोरी कुठं, उंबरा कुठं, पायाले मालूम हाय. तिथं भिंतच कुठं हाय थे मालूम नाही. तिथं मी खरी आंधळी होईन."

मी त्यांना यवतमाळला डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. मी डॉक्टरांना इंग्रजीत प्रश्न विचारायला लागले, तेव्हा आक्का मध्येच म्हणाल्या, "डोळा माहा हाय. मले समजन असं बोला." डॉक्टरांनी मराठीत सांगितलं: गेलेली नजर परत येत नाही, उजव्यात थोडी आहे, ती थेंब वेळेवर घातले तर टिकवता येईल. वेळेवर, हा शब्द त्यांनी माझ्याकडे बघून उच्चारला. त्या बाबतीत त्यांना माझी काळजी करायचं कारण नव्हतं.

तुमच्या बाबांना मी त्याच संध्याकाळी कळवलं. आक्का माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी म्हणाल्या, "आता कळलंच हाय सगळ्याईले, त सांग तरी काय दाखवून राह्यले."

अशा रीतीने मी या वयात मारामारीचं धावतं वर्णन करायला लागले. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "नायकाने प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर प्रहार केला."

"मारलं का, थे सांग."

"मारलं."

"लात का बुक्की?"

"लाथ."

"मंग असं बोलत जा."

लवकरच माझ्या लक्षात आलं की वर्णन करायचं तर बघावं लागतं, आणि मार पडायच्या आधी सांगावं लागतं, नाहीतर आवाज आधी येतो आणि आक्का चिडतात. मी नापसंतीही सोबत सांगते. "हा आता खांबावर चढलाय. का, ते त्यालाही माहीत नसावं." आक्कांना ते आवडतं. शेजारच्या दोघी आता आपापलं निवडायचं धान्य घेऊन येतात, आणि त्यांना दिसत असूनही मी काय म्हणते तिकडे कान देतात. एकदा आक्का मध्येच झोपल्या, शेजारणीही गेल्या, आणि मी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. याला मी आवड म्हणणार नाही. नायकाच्या बहिणीचं लग्न लागतं की नाही एवढंच बघायचं होतं.

संक्रांतीच्या सुमारास तुमचे बाबा आले. दोघींना नेण्याची तयारी करूनच आले होते. आक्कांनी उठून त्यांच्यासाठी चहा केला, कप न सांडता आणून दिला आणि पाटावर येऊन बसल्या.

"आई, आत्याला तर सगळं दिसतंय," बाबा मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाले.

"त्यांना घर दिसतंय," मी म्हटलं. "तुझ्या घराची सवय व्हायला आता नजर उरलेली नाही."

"म्हणजे तू पण येणार नाहीस?"

"थेंब कोण घालणार?"

"बाई ठेवू आपण."

दुपारी बाबांनी माझी खुर्ची घेतली आणि म्हणाले, आज मी सांगतो आत्याला. तुमचे बाबा हुशार आहेत, पण त्यांनी हे सिनेमे पाहिलेले नाहीत. माणूस पडला की मग ते म्हणायचे, "पडला." खलनायकाच्या भावाला त्यांनी नायक समजून आक्कांना सांगितलं. आक्कांनी थोडा वेळ सहन केलं.

"बाप्पा, तू चहा पी," त्या म्हणाल्या. "मास्तरीणले बसू दे. तिले यातलं समजते."

मला यातलं समजतं, हे वाक्य मी माझ्या शिक्षणाचा अपमान म्हणून घेतलं. तुमच्या बाबांनी मात्र त्याकडे वेगळ्या तऱ्हेने पाहिलं. ते खुर्चीवरून उठले, आणि जाताना त्यांनी फक्त एकच बॅग नेली, स्वतःची.

म्हणून मी येत नाही. तुम्ही सुट्टीत इकडे या. दुपारी आवाज असेल, त्याची तयारी ठेवा.

यवतमाळच्या डॉक्टरांनी परवा पुन्हा तपासलं. डाव्या डोळ्यात काही नाही. उजव्यात होतं तेवढं आहे. समोर कोणी उभं राहिलं तर ते आक्कांना कळतं, आणि पडद्यावर आग लागली तर तिचा उजेडही कळतो.